फुग्यातला आवाज

काल संध्याकाळी तांजोंग पगारच्या ऑफिसातून खाली उतरले आणि काचेच्या दारातच थबकले. वास आला. ओला पाला जाळावा तसा वास, पण आसपास ना पाला, ना आग. समोरच्या शॉपहाउसांचे, खाली दुकान नि वर घर अशा जुन्या इमारतींचे, निळे-पिवळे रंग विटल्यासारखे दिसत होते आणि त्यांच्यामागचे टॉवर अर्ध्यातूनच नाहीसे झाले होते. माझ्याबरोबर लिफ्टमधून उतरलेली सहकारी "हेझ, अगेन," एवढंच म्हणाली आणि पर्समधून मास्क काढून चालू लागली. मी तिथेच उभी राहिले. घसा दुखत नव्हता, डोळे चुरचुरत नव्हते, तरी रडू येईल असं वाटलं. भर रस्त्यात रडण्याचं माझं वय राहिलेलं नाही, म्हणून मुकाट्याने एमआरटीच्या स्टेशनाकडे निघाले.

सिंगापूरला ऋतू नाहीत, अशी आपल्याकडून येणारी माणसं पहिल्या वर्षी तक्रार करतात. बारा महिने तोच घाम, तीच हिरवाई, तेच दुपारचं गडगडणं. पण हेझ, म्हणजे हे धुराचं मळभ, हा ऋतू आहे. दर वर्षी येतोच असं नाही. समुद्रापलीकडे कुठेतरी जंगलं जळतात, वारा फिरतो, आणि एका सकाळी सूर्य इतका लाल नि मऊ दिसतो की त्याच्याकडे सरळ बघता येतं. मग सगळं शहर फोनवर हवेचा आकडा बघत जगतं. शाळांचे खेळाचे तास बंद होतात, खिडक्या लागतात, आणि ज्यांच्याकडे हवा शुद्ध करायचं यंत्र असतं त्यांच्याकडे अचानक पाहुणे वाढतात.

आमच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये ते यंत्र होतं. म्हणून काही वर्षांपूर्वीचा एक सगळा हंगाम आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती गेला.

काल घरी आले ती आधी खिडक्या लावत सुटले. इरा, माझी मुलगी, आता कॉलेजात आहे. सोफ्यावर पाय पसरून ती इथल्या लकबीत म्हणाली, "आई, हंड्रेड ओन्ली. रिलॅक्स, लाह." मी रिलॅक्स झाले नाही. स्वयंपाकघरातली जाळीची खिडकी नीट लागत नाही, तिथे चिकटपट्टी लावली. मग माझी मैत्रीण मंजिरी, तिला मेसेज केला, "खिडक्या लावल्यास?" तिचं उत्तर लगेच आलं, "सकाळीच." आम्हा दोघींना एवढं पुरतं.

त्या वर्षी आम्ही काय करत होतो ते सांगायला हवं, आणि ते सांगायला मला अजून लाज वाटते, कारण ऐकणारा आधी हसतो. आम्ही खेळत होतो. चाळिशीच्या आसपासची चार माणसं दर शनिवारी दुपारी टेबलाभोवती बसून आपण दुसरं कुणीतरी आहोत असं ठरवत होतो. या खेळाला पट लागत नाही. प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि ते पात्र काय करतं हे त्याने तोंडाने सांगायचं. मी उडी मारते. मी दाराशी बोलून बघतो. ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. एक माणूस मात्र कुठलंच पात्र नसतो. तो उरलेलं सगळं जग असतो, म्हणजे राक्षस, पहारेकरी, खानावळीची मालकीण, पाऊस आणि नशीब. त्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो. आमचा सूत्रधार विनय होता.

विनय पाया लेबार भागातल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचा. मीटिंगमध्ये म्हणे दोन वाक्यांवर तिसरं बोलत नसे. मंजिरी, त्याची बायको, सांगायची की लग्न ठरताना तिच्या वडिलांनी खाजगीत विचारलं होतं, मुलगा बोलतो ना नीट? तोच विनय शनिवारी आमच्या टेबलाच्या टोकाला बसला की त्याच्यातून गाव बोलायला लागायचं. घाटातला जकातदार सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा ठसक्यात बोलायचा. एक राक्षस होता, ताडामाडाएवढा, पण लाजाळू म्हणून पुटपुटायचा. एक चेटकीण वऱ्हाडी होती आणि शाप देण्याआधी जेवून जा म्हणून आग्रह करायची. किल्ल्याचा एक दरवाजा तर कॉन्डोच्या सिक्युरिटीसारखा अदबीने बोलून कुणालाच आत सोडत नसे. विनयच्या जगात सह्याद्रीसारखे किल्ले होते, त्यांच्या पायथ्याशी खारफुटीचं जंगल आणि त्याच्या कडेला खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर. हे कसं काय, असं विचारलं की तो म्हणायचा, "तुम्ही तरी इथे कसे काय?"

बाकी आम्ही तिघं. माझा नवरा नचिकेत बँकेत धोके मोजायचं काम करतो, म्हणून खेळात चोर झाला होता आणि जिथे जाईल तिथून चमचे चोरायचा. प्रज्ञा नागपूरची, इथे संशोधन करते, एक थेंब इकडचा तिकडे झाला तरी अख्खा प्रयोग पुन्हा मांडणारी बाई. खेळात ती कुऱ्हाडवाली पहिलवान होती आणि कुठलाही प्रश्न आधी कुऱ्हाडीने सोडवून बघायची. मी वैद्य होते. माझ्या औषधाने कुणी बरं झाल्याचं आठवत नाही.

आणि मी चित्रं काढायचे. शनिवारी जे घडलं त्याची रविवारी सकाळी चार चौकटींची हास्यचित्रमालिका, नाव 'फासे-फरसाण'. पहिल्यांदा ती फक्त आमच्या ग्रुपवर जायची. मग कुणीतरी ती बहिणीला पाठवली, बहिणीने आणखी कुणाला, आणि बघता बघता तिला पुण्या-मुंबईत, नाशकात वाचक झाले. त्यातल्या बऱ्याच जणांनी हा खेळ कधी पाहिलाही नव्हता. त्यांना आमची भांडणं आवडायची. वाईट दान पडलं म्हणून प्रज्ञा फाशाला शिक्षा करते, त्याला फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे कोंडून ठेवते, हे तर लोकांना इतकं आवडलं की कुठल्याशा बाईंनी आपला हट्टी मिक्सर माळ्यावर टाकल्याचा फोटो पाठवला होता.

चित्र सोपं असतं. अवघड असतो आवाज. कागदावर आवाज काढता येत नाही, अक्षर काढता येतं. म्हणून विनयच्या प्रत्येक आवाजाला मी वेगळं अक्षर दिलं होतं. लाजाळू राक्षसाच्या संवादाच्या मोठ्या थोरल्या फुग्यात मुंगीएवढी अक्षरं. चेटकिणीची शिरोरेघ लाटांची. जकातदाराचं सगळं ठळक, शिक्का मारल्यासारखं. वाचक ते फुगे बघूनच कोण बोलतंय ते ओळखायचे. विनय रविवारी चित्र उघडून सगळ्यात आधी फुगे बघायचा. कधी मेसेज करायचा, "जकातदार थोडा सर्दीत होता काल, ते आलं नाही."

हेझ सुरू झाला त्या आठवड्यात त्याने नावाडी आणला.

तो आला तेव्हा खिडक्या बंद होत्या, बाहेरचे ब्लॉक दिसत नव्हते, यंत्र घरघरत होतं. आमची पात्रं खाडीच्या काठी येऊन पोचली होती. विनयने घसा खाकरला आणि एक असा आवाज काढला की आम्ही तिघंही खुर्चीत सरळ झालो. खरखरीत, तुटका, वाळूवरून होडी ओढावी तसा. "बसा," तो म्हणाला. "पाय आत घ्या." बस, एवढंच. इरा खोलीतून बाहेर आली. "काका, सो गुड, लाह," ती म्हणाली. प्रज्ञाने तर टाळ्या वाजवल्या. त्या रविवारी मी सुकत आलेल्या ब्रशने नावाड्याची अक्षरं काढली, शिरोरेघ जागोजागी तुटलेली, कडा फुटलेल्या. मालिकेला एवढी दाद आधी कधी आली नव्हती. लोक लिहायचे, नावाडी परत आणा.

आम्हीही तेच म्हणायचो. खाडी ओलांडून झाली तरी काहीतरी निमित्त काढून काठावर परत यायचो. विनयलाही तो आवाज सोयीचा होता, कारण बाकीचे आवाज त्याला जमेनासे झाले होते. राक्षसाचं पुटपुटणं फाटायचं, चेटकीण मध्येच बसायची. तो हसून म्हणायचा, हेझमुळे घसा बसलाय, सध्या नावाड्यावरच चालवू. आणि आम्ही चालवलं, एकामागून एक शनिवार.

मंजिरी खेळायची नाही. "मला नाही बाई जमत राक्षसांशी बोलायला, ऑफिसात बोलते तेवढं पुरे," म्हणायची आणि सोफ्यावर पुस्तक घेऊन बसायची. एका शनिवारी आम्ही चहाला थांबलो. विनय स्वयंपाकघरात गेला आणि तिथून विचारलं, "साखर कुठे ठेवलीय?" नावाड्याच्या आवाजात. आम्ही हसलो. नचिकेत त्याच थाटात म्हणाला, "पाय आत घ्या, मग सांगतो."

मंजिरीने पुस्तक मिटलं. "खेळ थांबलाय ना आत्ता?" तिने विचारलं.

"थांबलाय," मी म्हणाले.

"मग तो असा का बोलतोय?"

"रंगात आलाय," नचिकेत म्हणाला.

"घरीही असाच बोलतोय," मंजिरी म्हणाली. "मला वाटलं तुमच्यासाठी सराव करतोय."

विनय साखरेचा डबा हातात घेऊन दारात उभा होता. त्याने आमच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मी कुठे सराव करतोय," तो म्हणाला. त्याला वाटत होतं हेझ. तिला वाटत होतं सराव. आम्हाला वाटत होतं कला. यंत्राची घरघर एकदम मोठी ऐकू यायला लागली.

असली चूक आमच्यासारखीच माणसं करू शकतात. दुसऱ्या कुठल्याही घरात एखाद्याचा आवाज बसला तर हळद-दूध देतात, आठवडाभर वाट बघतात, मग डॉक्टरकडे पाठवतात. आम्ही त्याला टाळ्या दिल्या.

पुढचं सगळं फार पटापट झालं. नाकातून नळी घालून कॅमेऱ्याने बघणं, तुकडा काढून तपासणं, मग एक लहानशी खोली आणि टिशूंचा बॉक्स मुद्दाम हाताशी ठेवलेलं टेबल. गाठ स्वरयंत्रावर होती. हेझचा तिच्याशी काही संबंध नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि आधी कळलं असतं तरी बहुधा हेच करावं लागलं असतं. विनयने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. स्वरयंत्र पूर्ण काढायचं, गळ्याला खाली एक भोक, श्वास तिथून घ्यायचा. तो वाचण्याची आशा चांगली होती. बोलण्याबद्दल ते जपून बोलत होते. नंतर एक झडप बसवता येते, भोक बोटाने दाबून एक प्रकारचा आवाज काढता येतो, पण तो सगळ्यांनाच साधतो असं नाही, आणि ज्यांना साधतो त्यातले काहीजण तो वापरायला तयार होत नाहीत.

मंजिरीने हे मला आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीच्या दुकानात सांगितलं. समोर कोपी, इथली दुधाळ कॉफी, थंड होत होती. मास्क हनुवटीवर ओढून ती एकेक शब्द नीट लावून बोलत होती, परीक्षेत पाठांतर म्हणून दाखवावं तसं. शेवटी म्हणाली, "शलाका, तो वाचेल गं. पण तो तोच राहील का?" तो वाचतो की नाही हा प्रश्न डॉक्टरांच्या हातात होता. तो परत आमच्या टेबलाच्या टोकाला येऊन बसेल का, बसला तर कोण म्हणून बसेल, हा आमचा होता, आणि आमच्या हातात तर काहीच नव्हतं.

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी खेळायचं असं त्यानेच ठरवलं. आम्ही तिघंही मनातून घाबरलो होतो. मला वाटलं तो आज सगळे आवाज एकदा काढेल, एकेकाला निरोप देईल, आणि आम्हाला ते सहन होणार नाही. नचिकेतने फोन चिवड्याच्या डब्यामागे उभा करून रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. विनयने खुर्ची ओढली, बसला, डब्याकडे बघितलं आणि हात लांब करून फोन बंद केला. "मी कुठे जात नाहीये," तो म्हणाला. "दहावीच्या निरोप समारंभासारखे चेहरे करू नका. कुठे होतो आपण?"

आपण एका कड्याखाली होतो. नचिकेतच्या चोराने या वेळी चमचा सोडून एक शेळी चोरली होती आणि ती त्याला किल्ल्यावर न्यायची होती. वर जायला फक्त दोरीची शिडी. शेळी दोरीच्या शिडीवरून चढेल का? विनय म्हणाला, नाही. नचिकेत म्हणाला, शेळ्या कड्यावरसुद्धा चढतात. प्रज्ञा मध्ये पडली आणि खुरांची रचना समजावून सांगू लागली. मी शेळीला धीर येण्याचं औषध देऊ केलं. विनयच्या आवाजात आता घोगरेपणाखेरीज फारसं काही उरलं नव्हतं, तरी धनगर कोणता आणि शेळीचा खरा मालक कोणता हे कळत होतं. तो अडून बसला. आम्हीही. प्रज्ञाने दोन लाकडी चमच्यांना सुतळी बांधून शिडी केली आणि तिच्यावर मटारची पिशवी चढवून दाखवली. हसून हसून मुरकुंडी वळली. मंजिरी सोफ्यावरून उठून आली आणि म्हणाली, "तुम्हाला दुसरं काही बोलायचं नाहीये का आज?" प्रज्ञाने मटारची पिशवी आणखी एक पायरी वर चढवली.

त्या माणसाच्या आवाजाची शेवटची दुपार आम्ही एका शेळीवर खर्च केली. अजूनही कधी कधी मला याचा राग येतो. कधी वाटतं, दुसऱ्या कशावर करायला हवी होती हे मला आजही सांगता येणार नाही.

शेळीची मालिका मी रविवारी सकाळी काढली. शेळीचे पाय वाकडे आले आणि ती आणखीच बावळट दिसू लागली. चौथ्या चौकटीत शेळी शिडीच्या टोकाला पोचलेली, बाकी सगळे खालीच भांडत राहिलेले. ती घरोघरी फिरली. अनोळखी माणसांनी हसणारे चेहरे पाठवले. कुणीतरी लिहिलं, तुमच्या घरी किती मजा असते हो. मी ते मंजिरीला दाखवलं नाही. तिने ते स्वतःच वाचलं होतं.

काल रात्रीच्या जेवणानंतर मी ती उघडून बघितली. शेळी अजून तशीच आहे. विनयच्या फुग्यातली अक्षरं फाटकी आहेत आणि ती कुठल्या पात्राची हे मलाही आता सांगता येत नाही. नावाड्याची नाहीत, धनगराचीही नाहीत. ती त्याचीच असावीत.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. मी भेटायला गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, गळ्यावर पट्टी, मांडीवर लहान मुलांची पुसता येणारी पाटी. त्याने लिहिलं, "हेझ संपला का?" मी म्हणाले, वास आहे अजून. त्याने लिहिलं, "मला येत नाही." श्वास नाकातून जातच नसल्यावर वास कसा येणार, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. त्याने नाकाकडे बोट दाखवून हात हलवला, दुकान बंद असल्यासारखा. मी हसले. मग खाली जाऊन बसस्टॉपवर बसून राहिले.

घरी आल्यावर तो गप्प झाला. गप्प तर तो होताच, पण हे वेगळं होतं. पाटी कपाटात गेली. फोनवर लिहिलेलं वाचून दाखवायची सोय होती, पण मराठीत तिथे एक बाईच बोलायची, रेल्वे स्टेशनवरच्यासारखी. ती एकदा "मला पाणी दे" म्हणाली, आणि त्यानंतर त्याने ती कधी उघडली नाही. नाशिकहून त्याची आई रोज फोन करायची. ती बोलायची आणि तो नखाने फोनवर टिचकी मारायचा. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पुढे झडप बसली, आवाजाचे व्यायाम सुरू झाले. मंजिरी सांगायची, "बाथरूममध्ये नळ सोडून करतो. मला ऐकू येऊ नये म्हणून." दाराबाहेर त्याने एक अक्षर काढलं नव्हतं. तिच्यापुढे नाही, आईपुढे नाही. "तो आवाज माझा नाही," एवढं त्याने तिला लिहून दिलं होतं.

आमचा शनिवार बंद पडला. मालिका बंद पडली. मी कागद घेऊन बसायचे, चौकटी आखायचे, तिघांना काढायचे आणि टेबलाच्या टोकाशी येऊन थांबायचे. त्याच्या फुग्यात काय लिहू? अक्षर कुठलं काढू? वाचक विचारत होते, पुढचं कधी. इराने विचारलं, "आई, यू क्विट?" मी म्हणाले, दमले आहे.

एका सकाळी त्याचाच मेसेज आला. "चित्रं का बंद?" मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी एक पूर्ण केलं. त्यात तो टेबलाच्या टोकाशी बसला होता, गळ्याला छान मफलर. प्रज्ञा त्याला उशी देत होती. नचिकेत चोरलेले सगळे चमचे परत करत होता. मी सूप आणलं होतं. त्याच्या बाजूला मी फुगा काढलाच नव्हता. मला ते चित्र फार सुंदर झालंय असं वाटलं होतं.

उत्तर यायला दुपार झाली. "यात सगळे माझ्याशी चांगलं वागतायत," त्याने लिहिलं होतं. "हे आपलं टेबल नाही." आणि खाली, "सिंगापुरात मफलर? भोक काढ."

मी भोक काढलं. फार वेळ लागला. ते वर्तुळ किती मोठं असतं, कॉलरच्या किती खाली, हे आठवेना, आणि त्याच्याकडे मी कधी नीट बघितलंच नाही हे कबूल करावं लागलं. मग त्याने आणखी एक मागणी केली. जाड कागदाचे रिकामे फुगे, खूप सारे, शेपटासकट. मी रात्रीचा स्वयंपाक नचिकेतवर टाकून ते कापत बसले.

चिनी नववर्षाच्या सुट्टीतल्या शनिवारी दुपारी ते दोघं आले. लिफ्टसमोर शेजाऱ्यांची लाल तोरणं होती, मंजिरीच्या हातात सणाची दोन संत्री. हवा लख्ख होती, सगळ्या खिडक्या उघड्या. विनय टेबलाच्या टोकाला बसला. गळ्याशी काही बांधलेलं नव्हतं, फक्त भोकावर एक छोटीशी गोल जाळी. पुढे फुग्यांचा गठ्ठा आणि मार्कर. तो लिहायचा, फुगा ज्याच्यापुढे सरकवेल त्याने वाचायचा. नचिकेतने जकातदार वाचला, मी चेटकीण. आम्हाला त्याच्यासारखं जमत नव्हतं, पण चाललं होतं.

चाललं होतं म्हणजे मरत चाललं होतं. आम्ही सगळे भयंकर सभ्य झालो होतो. त्याने वाट अडवली की आम्ही दुसऱ्या वाटेने जायचो. राक्षसाने दरडावलं की माफी मागायचो. नचिकेतच्या चोराने सगळ्या खेळात एकही चमचा चोरला नाही. विनयने एक फुगा लिहून मधोमध ठेवला, "आज फार शहाणे झालात." आम्ही त्यावरही समजूतदारपणे हसलो. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी विझत चाललं होतं आणि मला ते दिसत होतं. मंजिरी सोफ्यावर होती. पुस्तकाचं पान ती उलटत नव्हती.

मग प्रज्ञाने फासा टाकला. पुलाखालच्या अजगरावर वार करायचा होता. फासा घरंगळत गेला आणि फरसाणाच्या ताटलीला टेकून तिरका उभा राहिला, अर्धा शेवेवर, अर्धा टेबलावर. वरच्या बाजूला वीस दिसत होता. म्हटलं तर वीस.

"वीस," प्रज्ञा म्हणाली.

विनयने मान हलवली.

"वीस दिसतोय," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज थोडा तिचा होता. "टेकलाय, पण वीस आहे. धरायचा."

त्याने मार्कर उचलला. फुगा पुढे ओढला. लिहायला लागला आणि थांबला. मार्करचं टोपण लावून तो खाली ठेवला. आम्ही बघत होतो. त्याने उजव्या हाताचा अंगठा उचलून गळ्यावरच्या जाळीवर दाबला, छाती भरून घेतली, आणि म्हणाला, "नाही."

तो आवाज कसा होता ते मी आजतागायत कुठल्याच अक्षरात काढू शकलेले नाही. खोल होता, पोटातून आल्यासारखा, त्यात हवा होती, थुंकी होती. माणसाचा होता.

प्रज्ञाचे डोळे भरून आले. मी तिला टेबलाखालून पाय मारणार होते, रडू नकोस म्हणून. पण ती रडली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज चढवला. "का नाही? कुठे लिहिलंय?"

"शेवेवर... पडलाय," तो म्हणाला. अंगठा सुटला, हवा फुसकन बाहेर आली, त्याने पुन्हा दाबला. "परत टाक."

"परत का म्हणून? मागच्या वेळी नचिकेतचा धरलास."

"नाही धरला."

"धरलास. पुस्तकाला टेकला होता."

नचिकेत मध्ये पडला, मी त्याच्यावर ओरडले, आणि जुंपलं. सगळे एकदम बोलत होते आणि विनय प्रत्येक शब्दाला अंगठा दाबत, दम घेत, लाल होत, एकेका शब्दाने आम्हाला हाणत होता. मध्येच मला दिसलं की मंजिरी सोफ्यावर नाही. ती दाराच्या चौकटीत उभी होती, फोन कानाला लावून. नाशिक लागलं होतं. तिने फोन कानापासून काढला, स्पीकर चालू केला आणि हात आमच्या दिशेने लांब धरला.

पलीकडे आईंना काही वेळ नुसता कल्ला ऐकू आला असणार. मग त्यांचा आवाज आला, जरा घाबरलेला. "मंजिरी, कोण गं ते? कोण बोलतंय असं?"

"विनय आहे, आई," मंजिरी म्हणाली. "भांडतोय."

मंजिरीने फोन आणखी पुढे धरला. आम्हा बाकीच्यांना तिकडे बघायला सवडही नव्हती.

"भांडू दे," आई म्हणाल्या. "तू फोन ठेवू नकोस."